सोन्याचे नॅनोकण आणि अनेक पायांचे गंधकी रेणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीकडच्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. प्रकल्पाला विषय हवा असतो आणि कुणीतरी सोन्याचे नॅनोकण सुचवलेले असतात. पहिल्या आठवड्यात सुंदर लाल द्रावण तयार होतं, दुसऱ्या आठवड्यात ते जांभळं पडतं आणि मग मला विचारतात, "सर, हे टिकवायचं कसं?" गेली बरीच वर्षं मी हेच शिकवतोय. सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय.

सोनं पिवळं, मग हे द्रावण लाल का?

सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर झुलतात. कण दहा-वीस नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असला की हे झुलणं हिरव्या प्रकाशाशी, साधारण 520 नॅनोमीटरच्या आसपास, जुळतं. हिरवा शोषला जातो आणि आपल्याला उरलेला लाल दिसतो. पातळ कोकम सरबताचा असतो तसा. कण एकमेकांना चिकटले की शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं, द्रावण आधी जांभळं होतं, मग निळं-करडं, आणि शेवटी तळाला काळा गाळ बसतो. म्हणजे कण चिकटले की सुटे आहेत, हे सांगायला रंग पुरेसा असतो. इतकं स्वस्त आणि प्रामाणिक मोजमाप रसायनशास्त्रात फार कमी ठिकाणी मिळतं.

"स्थिर करणं" म्हणजे नेमकं काय करायचं?

कणांना एकमेकांना चिकटू द्यायचं नाही, एवढंच. नेहमीच्या पद्धतीत (टर्केविच यांची 1951 ची, पुढे फ्रेन्स यांनी 1973 मध्ये आकार ताब्यात ठेवण्यासाठी सुधारलेली) सायट्रेट (सायट्रिक आम्लाचं मीठ) हे सोन्याच्या क्षाराचं क्षपणही करतं, म्हणजे क्षारातून सोनं सुटं करतं, आणि कणाभोवती ऋणभाराचं आवरणही घालतं. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात. पण सायट्रेटची पकड सैल असते, आणि लोटण्याचा पल्ला द्रावणातल्या मिठावर अवलंबून असतो. सायट्रेटच्या ताज्या द्रावणात तो दोन-तीन नॅनोमीटर असतो. 0.1 मोलर मिठात एक नॅनोमीटरवर येतो. समुद्राच्या पाण्यात तर 0.4 नॅनोमीटरच्याही आत. तिथे कण एकमेकांना जवळ येण्यापासून रोखूच शकत नाहीत.

मीठ घातल्यावर रंग पालटतो हे मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्येच नोंदवलं होतं. बीएस्सीला शिकलेला "सुवर्णांक" आठवा: 10 मिलिलिटर सोन्याच्या द्रावणात 10 टक्के मिठाचं 1 मिलिलिटर द्रावण घातल्यावर लालाचा निळा होऊ नये म्हणून किती मिलिग्रॅम संरक्षक कलिल (कणांना झाकणारा जिलेटिनसारखा पदार्थ) लागतं, तो आकडा. जिलेटिनचा सुवर्णांक 0.005 ते 0.01. परीक्षेत पाठ करून विसरला असाल, पण आपला सगळा प्रकल्प त्याच प्रश्नाचा आजचा अवतार आहे. ही कल्पना ज्यांची, त्या झिग्मोंडी यांना 1925 सालचं नोबेल मिळालं.

गंधकच का? नायट्रोजन, ऑक्सिजन चालत नाही का?

चालतात, पण सोन्याला गंधक मनापासून आवडतं. अल्कोहोलमधल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक आलं की थायॉल होतो. थायॉलचा गंधक सोन्याला धरतो तो बंध सुमारे 40 ते 50 किलोकॅलरी प्रति मोल इतका भक्कम असतो. 1983 मध्ये नझो आणि अलारा यांनी डायसल्फाइडचे (दोन गंधक एकमेकांना जोडलेले) रेणू सोन्याच्या सपाट पृष्ठभागावर आपोआप शिस्तीत उभे राहतात हे दाखवलं. 1994 मध्ये लिव्हरपूलला ब्रुस्ट, शिफ्रिन आणि सहकाऱ्यांनी डोडेकेनथायॉल वापरून एक ते तीन नॅनोमीटरचे कण बनवले. ते सुकवून पूड करून ठेवता येत होते आणि पुन्हा विरघळतही होते. त्याआधी सोन्याचे कण सुकवले की गेलेच समजायचं.

एका गंधकाने काम होतं, मग अनेक गंधक असलेल्या फांद्यांच्या रेणूंची गरज काय?

या पानावरचा हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबू.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या नांगरतात ते बघा. नुसता एक आकडा दोरीला बांधून टाकला आणि तो वाळूतून निसटला, तर होडी वाहवत गेलीच. म्हणून नांगराला तीन-चार काटे असतात. एक निसटला तरी बाकीचे धरून ठेवतात आणि तेवढ्यात निसटलेला काटा पुन्हा रुततो.

रेणूंचंही तसंच. एका गंधकाचा बंध भक्कम असला तरी कायमचा नसतो. तो सुटतो, जोडतो, पुन्हा सुटतो. सुटला की एकपायी, म्हणजे एकाच गंधकाने धरलेला, रेणू पाण्यात निघून जातो आणि परत यायला त्याला सगळं द्रावण मोकळं असतं. तीन पायांच्या रेणूचा एक पाय सुटला तर दोन पाय रेणूला तिथेच धरून असतात, सुटलेला पाय पृष्ठभागापासून नॅनोमीटरभरच दूर असतो आणि लगेच पुन्हा बसतो. ढोबळ हिशोब करा: एक पाय शंभरातल्या एका क्षणी सुटलेला असेल, तर तिन्ही पाय एकाच वेळी सुटलेले असण्याची शक्यता दहा लाखांत एक. प्रत्यक्षात पाय एकमेकांपासून इतके स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा धरू नका. पण कल कुठे आहे ते कळतं.

रसायनशास्त्रात याला कीलेट परिणाम म्हणतात. हा शब्द मॉर्गन आणि ड्रू यांनी 1920 मध्ये आणला, ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीच्या शब्दावरून. आपल्याकडे ज्याने कधी कुर्ली हाताने पकडली असेल, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिचा एक डेंगा सोडवेपर्यंत दुसऱ्याने बोट धरलेलं असतं.

प्रयोगातही हे दिसलं आहे. 2002 मध्ये मिरकिन आणि लेट्सिंगर यांच्या गटाने डीएनएच्या टोकाला एका थायॉलऐवजी तीन थायॉलची गाठ लावली. मग सोन्यावरचे थायॉल उखडून काढणारं डायथायोथ्राइटॉल घालूनही ते कण एकपायी डीएनएच्या कणांपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकले.

मग जितके पाय जास्त तितकं चांगलं?

नाही. इथे दरवर्षी कुणीतरी फसतं.

रेझिनच्या धंद्यात पेंटाएरिथ्रिटॉल टेट्राकिस मर्कॅप्टोप्रोपिओनेट नावाचं एक स्वस्त रसायन असतं. चार थायॉल, रेणुभार साधारण 489. कागदावर बघून वाटतं, हाच तो! पण त्याचे चार हात मधल्या कार्बनपासून चार दिशांना पसरलेले असतात, चतुष्फलकाच्या टोकांकडे. दोन हात एका कणाला धरतात आणि उरलेले दोन शेजारच्या कणाला. स्थिर करायला घातलेलं रसायन स्वतःच कण बांधत सुटतं आणि बीकरमध्ये गुठळ्या होतात. अशी बांधणीच हवी असेल तर गोष्ट वेगळी. चार थायोइथरचे रेणू (थायोइथरबद्दल पुढच्या प्रश्नात) मुद्दाम कणांचे गोळे बांधायला वापरलेही गेले आहेत.

म्हणून पायांची संख्या नंतर बघायची, आधी दिशा. सगळे पाय एकाच बाजूला, तिपाईसारखे हवेत, आणि शेपटी, म्हणजे पाण्याकडे राहणारं रेणूचं दुसरं टोक, विरुद्ध बाजूला. पायांमधलं अंतरही जुळलं पाहिजे: सपाट सोन्यावर शेजारच्या दोन थायॉलचे गंधक साधारण अर्धा नॅनोमीटर अंतरावर बसतात. पाय त्याहून आखूड आणि ताठ असले तर एकच बसतो, बाकीचे हवेत लोंबकळतात. शिवाय फांद्यांचा रेणू जागा जास्त अडवतो, त्यामुळे आवरण विरळ होऊ शकतं. माझ्या मते पदवीच्या प्रकल्पाला दोन पाय पुरेत. तीनच्या पुढे गेलात की तुमचा प्रकल्प नॅनोकणांचा राहत नाही, सेंद्रिय संश्लेषणाचा होतो.

थायॉल आणि थायोइथर यांत कोणतं निवडावं?

थायॉल एकट्याने भक्कम धरतो, पण तो पृष्ठभागावर नुसता बसत नाही. सोन्याचे अणू थोडे उपसून वर घेतो. 2007 मध्ये कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेतून 102 सोन्याचे अणू आणि 44 थायॉल असलेल्या कणाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. त्यात गंधक-सोनं-गंधक असे स्टेपलच्या पिनेसारखे तुकडे कणाच्या गाभ्यावर बसलेले दिसले. जास्त थायॉल आणि जास्त तापमान दिलं तर कण झिजतोही.

थायोइथरमध्ये गंधकाच्या दोन्ही बाजूंना कार्बन असतो. त्याची पकड हलकी असते आणि एकटा थायोइथर सोन्यावर टिकत नाही. फांद्यांची खरी गंमत इथे आहे: हलक्या हाताचे पुष्कळ गंधक एकाच रेणूत गुंफले तर पकड पुरेशी होते आणि सोन्याचा पृष्ठभागही फारसा विस्कटत नाही. शिवाय थायोइथर हवेत थायॉलसारखा चटकन डायसल्फाइड होत नाही. बाझल विद्यापीठात मार्सेल मायोर यांच्या गटाने बेंझिलिक थायोइथरच्या साखळ्या आणि पुढे डेंड्रिमर, म्हणजे झाडासारखे फांद्या फुटत गेलेले रेणू, बनवले आणि त्यांच्या आधाराने एक नॅनोमीटरच्या आसपासचे कण टिकवले. 2011 च्या त्यांच्या डेंड्रिमरच्या कामातली सगळ्यात देखणी कल्पना म्हणजे एवढासा कण मोजक्या, मोठ्या रेणूंनीच झाकायचा. मग त्याला बाहेर जोडायच्या जागाही मोजक्याच राहतात आणि कण एखाद्या रेणूसारखा हाताळता येतो.

आमच्या कॉलेजच्या खर्चात काय बसेल?

लिपोइक आम्ल. त्याच्या टोकाला पाच घटकांचं एक कडं असतं आणि त्यात दोन गंधक शेजारी शेजारी असतात. सोन्यावर आलं की कडं उघडून दोन्ही गंधक बसतात. आधी सोडियम बोरोहायड्राइडने उघडलं तर डायहायड्रोलिपोइक आम्ल, म्हणजे सरळ दोन थायॉल. दुसऱ्या टोकाला कार्बोक्सिल गट असतो, तिथे पुढे हवी ती शेपटी जोडता येते. पाण्यात विरघळत नाही म्हणून थोड्या सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळवा. बाटली उजेडापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवा.

किती लागेल? हिशोब करून दाखवा.

हिशोब करून मगच वजन करायची सवय लावून घ्या. 100 मिलिलिटर, 1 मिलिमोलर सोन्याचं द्रावण धरू. ट्रायहायड्रेट गोल्ड क्लोराइड 39.4 मिलिग्रॅम, त्यात सोनं साधारण 20 मिलिग्रॅम. उकळत्या द्रावणात 38.8 मिलिमोलर सायट्रेटचं 10 मिलिलिटर द्रावण, म्हणजे 114 मिलिग्रॅम डायहायड्रेट मीठ, एकदम ओता. हळूहळू ओतू नका. पिवळा रंग जातो, क्षणभर पाण्यासारखं दिसतं, मग शाईच्या बोळ्यातून निघावा तसा करडा-जांभळा रंग पसरतो आणि काही मिनिटांत लाल चढतो. साधारण 13 नॅनोमीटरचे कण मिळतात.

एका कणात सुमारे 68 हजार अणू. म्हणजे कण साधारण 9 वर 14 शून्यं इतके. एकाचं क्षेत्रफळ 531 चौरस नॅनोमीटर. सगळ्यांचं मिळून अर्धा चौरस मीटर, एका लहान टॉवेलाएवढं. दर चौरस नॅनोमीटरला साडेचार-पावणेपाच गंधक धरले तर लागतात फक्त 3.7 मायक्रोमोल. लिपोइक आम्लात दोन गंधक, म्हणून 1.9 मायक्रोमोल, वजन अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. दहापट जास्त घेतलं तरी 4 मिलिग्रॅम. मुलं चमचाभर घालायला निघतात तेव्हा मी हा हिशोब फळ्यावर मांडतो.

आणि क्रम लक्षात ठेवा: सोनं लिगंडमध्ये (कणाला धरून बसणाऱ्या रेणूच्या, इथे लिपोइक आम्लाच्या, द्रावणात) ओतायचं, लिगंड सोन्यात थेंबाथेंबाने टाकायचं नाही. थेंबाथेंबाने टाकलं की सुरुवातीला लिगंड कमी आणि कण जास्त असतात. अशा वेळी एकच अनेकपायी रेणू दोन कणांना पकडतो. भरपूर लिगंड आधीच असलं की प्रत्येक कण चटकन झाकला जातो. रात्रभर अंधारात स्टररवर राहू द्या.

टिकले की नाही हे कसं तपासायचं?

आपल्याकडे यासाठी सगळ्यात कडक परीक्षक दारात आहे. भाट्याच्या किनाऱ्यावरून बाटलीभर समुद्राचं पाणी आणा, पण मे महिन्यात. पावसाळ्यात काजळी नदीचं गोडं पाणी खाडीतून येऊन मिसळतं आणि मीठ पातळ होतं. फिल्टर पेपरमधून गाळून घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार असतात. नुसत्या मिठाच्या द्रावणापेक्षा ते जास्त कठोर, कारण त्यात लिटरमागे साधारण 53 मिलिमोल मॅग्नेशियम आणि 10 मिलिमोल कॅल्शियमही असतं. हे दोन्ही आयन कार्बोक्सिल गटांना पकडून कणांना कणांशी जोडतात.

चार टेस्ट ट्यूब घ्या. पहिलीत नुसतं सायट्रेटचं द्रावण आणि ऊर्ध्वपातित पाणी, तुलनेसाठी. दुसरीत सायट्रेटचं द्रावण आणि तेवढंच समुद्राचं पाणी. पाणी पडताच निळं होतं, ट्यूब हलवेपर्यंतही वेळ मिळत नाही. तिसरीत लिपोइक आम्लाचे कण. ते सायट्रेटपेक्षा तग धरतात, पण मॅग्नेशियम-कॅल्शियममुळे तासाभरात जांभळे पडू शकतात. चौथीत लिपोइक आम्लाला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची शेपटी जोडलेले कण. ते दुसऱ्या दिवशी सकाळीही लाल असतात.

तिसऱ्या आणि चौथ्या ट्यूबमधला फरक ज्याला कळला, त्याला विषय कळला. पाय दोन्हींना दोनच आहेत. मिठापासून वाचवते ती शेपटी, कारण तिला भाराची गरज नाही. ती पाण्यात पसरून नुसती जागा अडवते. आणि ती शेपटी कणावर टिकवून ठेवतात ते पाय. "अनेकपायी लिगंड घातलं, तरी मिठात बसलं" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी शेपटीकडे बघावं.

स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर 520 आणि 650 नॅनोमीटरला शोषण घ्या आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. हा भागाकार वाढत गेला की कण चिकटताहेत. डोळ्याला दिसायच्या आधी आकडा सांगतो.

काहीच घातलं नाही, तरी द्रावण पहिल्यापासून जांभळं. का?

पाणी किंवा काच. हे मी स्वतः भोगलंय. एका उन्हाळ्यात सलग पाच वेळा द्रावण बिघडलं. गोल्ड क्लोराइड बदललं, सायट्रेट बदललं, स्टररला नावं ठेवली. शेवटी कंडक्टिव्हिटी मीटर पाण्यात बुडवला तर आकडा दोनशे मायक्रोसीमेन्सच्या वर. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, आणि शुद्धीकरण यंत्राची रेझिन कधीच संपली होती. बीकर शेवटी विसळायचे तेही नळाच्याच पाण्याने. किनारपट्टीवरच्या प्रत्येक प्रयोगशाळेने उन्हाळ्यात पाणी मोजल्याशिवाय हे काम सुरू करू नये.

काचेसाठी आम्लराज: तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग नायट्रिक आम्ल. फक्त शिक्षकांसमोर, हूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात), आणि बाटलीत बूच लावून कधीही साठवायचं नाही. वायू साठून बाटली फुटते.

पावसाळ्यात गोल्ड क्लोराइडचं पाणी होतं, काय करावं?

3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे हे होणारच. बाटली फोडली त्याच दिवशी सगळ्याचं पाण्यात द्रावण करा, गडद बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. स्टीलचा चमचा लावू नका. सोनं चमच्यावर बसतं आणि चमचा गंजतो. बोरोहायड्राइड मात्र दर वेळी ताजं, बर्फाच्या थंड पाण्यात.

थायॉलच्या वासाचं काय?

गॅस सिलिंडर गळला की येतो तो वास इथिल मर्कॅप्टनचा, म्हणजे थायॉलचाच. हिंग आणि लसणाच्या वासातही गंधकाचे रेणू असतात, पण ते ताटात हवेसे वाटतात. हूडमध्ये काम करा आणि वापरलेली काच ब्लीचच्या पाण्यात बुडवा. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन निघतो. ब्लीचची बादली आणि आम्लराजचा हूड खोलीच्या दोन टोकांना हवेत.

आमसुलाने करता येईल का?

कोकमातल्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लासारख्या आणि पॉलिफिनॉलसारख्या पदार्थांनी सोन्याचं क्षपण होऊ शकतं. कण मिळतील. पण कणावर नेमकं काय बसलंय ते सांगता येत नाही, आणि आपला सगळा प्रश्न तोच आहे. आकर्षक विषय म्हणून करायचं तर जरूर करा, पण ते लिगंडच्या प्रकल्पात मिसळू नका.

याचा उपयोग कुठे होतो?

गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या कणांची असते. कोळंबीच्या तळ्यांत धुमाकूळ घालणाऱ्या व्हाइट स्पॉट विषाणूसाठीही अशा पट्ट्या बनलेल्या आहेत. तळ्याचं पाणी खारं असतं, त्यामुळे इथे मिठात टिकणारा कण ही चैन नाही. कण मिठात चिकटले तर पट्टी वाचताच येत नाही. आपल्या खाड्यांच्या कडेला कोळंबी करणाऱ्यांच्या उपयोगाचं काम या विषयात करण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं.

उरलेलं द्रावण कुठे टाकायचं?

मोरीत नाही, खाडीत तर नाहीच. फार लहान कण निरुपद्रवी असतात असं गृहीत धरू नका. 2007 मध्ये 1.4 नॅनोमीटरचे कण पेशींना घातक ठरले, 15 नॅनोमीटरचे ठरले नाहीत. शिवाय ते सोनं आहे. सोनाराच्या दुकानातली धूळ चाळून पोट भरणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. सायट्रेटच्या सगळ्या उरलेल्या द्रावणांत मीठ घाला, रात्रभर राहू द्या, वरचं निवळ पाणी काढून काळा गाळ एका बाटलीत साठवा. थायॉल असलेला गाळ वेगळ्या बाटलीत. एका खेपेत 20 मिलिग्रॅम, म्हणजे 50 खेपांत जवळजवळ एक ग्रॅम. बाटलीवर तारीख, खेपेचा क्रमांक आणि आत काय आहे ते पेन्सिलीने लिहा. दमट हवेत शाई पुसली जाते.